घोड्याची जखम : शालिहोत्रापासून लेसरपर्यंत



घोड्यांच्या मोठ्या दवाखान्यांत अलीकडच्या काळात एक नवे यंत्र आले आहे. हातात धरायची एक लहानशी दांडी आणि तिच्या टोकाला तांबडा उजेड, एवढेच त्याचे बाह्य रूप. पशुवैद्य ती दांडी जखमेच्या कडेकडेने संथपणे फिरवतो. सुई नाही, चटका नाही; घोडा निमूट उभा राहतो. यालाच लेसर उपचार म्हणतात. जखम लवकर भरते असा त्याचा लौकिक आहे. त्या यंत्राची हकीकत सांगावी म्हणून आम्ही येथे उभे आहोत. परंतु ती नीट सांगायची तर घोड्याला जखम कशाने होते आणि ती आजवर कोणी, कोणाच्या खर्चाने बरी केली, हे आधी पाहणे भाग आहे.

आम्ही काही पशुवैद्य नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जायबंदी कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता जखम या गोष्टीचा थोडा परिचय झाला आणि जे काही वाचले ते रात्रीच्या दिव्याखाली वाचले. अशा वाचनात घोडा आम्हांला वारंवार भेटला आणि दर वेळी तो कामगाराच्या रांगेतच उभा दिसला. म्हणून त्याच्या जखमेकडे आम्ही कामावरची जखम म्हणून पाहणार आहोत. श्रोत्यांनी तेवढी मुभा द्यावी.

जखम कशाने होते

मोकळ्या घोड्यालाही जखमा होतात. तारेत पाय अडकतो, दगडावर गुडघा फुटतो, दुसऱ्या घोड्याची लाथ बसते. परंतु कामाच्या घोड्याच्या बहुतेक जखमा त्याच्या साजाने होतात. खोगीर वाईट बसले की मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो तो सोलतो. तंग ओला किंवा चुरगळलेला असला की छातीखालची कातडी जाते. लगामाने ओठांचे कोपरे फाटतात, गाडीच्या पट्ट्याने छाती घासते. कामगाराचा हात पाहून तो कोणत्या खात्यात आहे हे जाणत्याला ओळखता येते. तसेच घोड्याची जखम पाहून त्याला कोणत्या कामाला जुंपले आहे हे सांगता येते.

पाठीच्या जखमेला आपल्या भाषेत साधा शब्द आहे, ‘घोड्याची पाठ लागली.’ पायाला जोडा लागतो तशीच ही पाठ लागते. कातडीवर एकाच जागी दाब राहिला की तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. वरून दिसायला उशीर लागतो. घाम, धूळ आणि माश्या पुढचे काम करतात. हा दाब पडू नये म्हणून खोगिरात लोकर, कापूस, चिंध्या भरीत. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण आज निरुपयोगी मालाला लावतो. माणसाला ती भरती निरुपयोगी वाटली असेल. घोड्याच्या पाठीला आणि लाकडाला वेगळे ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती.

पायाची जखम आणखी अवघड. गुडघ्याच्या खाली घोड्याला मांस जवळजवळ नाही. कातडीखाली लगेच शिरा, कंडरा आणि हाड. रक्ताचा पुरवठा मंद, पाऊल टाकले की जखम हलते आणि जमीन, शेण, मूत्र अगदी जवळ. कोणतीही उघडी जखम दोन रीतींनी मिटते. एक तर तिच्या कडा आत ओढल्या जातात आणि दुसरे, कडेची नवी कातडी आत सरकत येते. घोड्याच्या पायावर हे ओढले जाणे कमजोर असते. मग तळातून येणारे तांबडे कोवळे मांस थांबत नाही, जखमेच्या काठावरून वर वाढते आणि नव्या कातडीला त्या उंचवट्यावर चढता येत नाही. महिने जातात. हॉलंडमधील पशुवैद्यांनी मोठे घोडे आणि तट्टू यांच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला, तेव्हा तट्टूंच्या जखमा लवकर भरतात असे दिसले. मोठ्या घोड्याच्या शरीरात जखमेविरुद्धची पहिली उसळी कमी आणि मग तीच सूज मात्र दीर्घकाळ रेंगाळते, हे त्याचे एक कारण त्यांना आढळले. जखमेवरची निरनिराळी औषधे कोणत्या अडचणीशी झुंजत आली आहेत, हे यावरून ध्यानी येईल.

शालिहोत्र आणि सलोत्री

अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून आपल्या परंपरेत शालिहोत्राचे नाव घेतात. त्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला ‘सलोत्री’ हा शब्द रूढ झाला. पुढे जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा ग्रंथ झाला, नकुलाच्या नावावरही अश्वशास्त्र सांगितले जाते. जखम धुणे, तूप आणि मध यांचा लेप देणे, कडू पाल्याचा काढा वापरणे हा आपल्या जुन्या वैद्यकाचा परिचित मार्ग होता. मधाला हसण्याचे कारण नाही. घोड्याच्या पायाच्या जखमांवर मधाचे प्रयोग आजचे संशोधकही करीत आहेत.

तथापि आम्हांला औषधापेक्षा कौटिल्याचा एक नियम अधिक महत्त्वाचा वाटतो. अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात असे सांगितले आहे की, उपचारात हयगय होऊन घोड्याचा रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड व्हावा आणि त्या अपराधाने घोडा दगावला तर त्याच्या किमतीएवढा. त्याच प्रकरणात युद्धाने, रोगाने, म्हातारपणाने किंवा कामाने झिजलेल्या घोड्यांना पोटापुरते खाणे चालू ठेवावे असेही म्हटले आहे. निवृत्तिवेतनाची कल्पना आपल्याकडे कोठून आली याचा शोध घेणाऱ्यांनी हे वाक्य जरूर पाहावे. अर्थात हे घोडे राजाचे होते. राजाची मालमत्ता म्हणून त्यांना हे भाग्य मिळाले. गाढवाला आणि कुंभाराच्या तट्टाला असा अध्यक्ष नव्हता.

पागेतील शिस्त

महाराष्ट्राचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला असे आपण अभिमानाने म्हणतो. ती पाठ कोणी सांभाळली हे विचारीत नाही. शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची व्यवस्था सभासदाच्या बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल यांचा माणूस लढणाऱ्यांच्या हिशेबातच धरलेला आहे. पावसाळ्यात फौजेने मुलखात छावणीस यावे. दाणा, गवत, औषधे आणि घोड्यांसाठी आडोसा आधी तयार ठेवावा. दसरा झाला की बाहेर पडावे, अशीही तेथे आज्ञा आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-गवत मनास येईल तसे उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असा त्याचा आशय आहे. उंदीर दिव्याची वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल, इथवर त्या पत्रात बारकाई आहे.

या सगळ्याचा जखमेशी संबंध काय? संबंध असा की लागलेल्या पाठीला, सोललेल्या छातीला, झिजलेल्या खुराला सर्वांत मोठे औषध म्हणजे साज न चढणे. पावसाळ्याचे चार महिने खोगीर उतरले की कातडीला धरायला वेळ मिळे. छावणी म्हणजे घोड्याची भरपगारी रजा होती आणि ती रजा सरकारच्या तिजोरीतून दिली जात होती.

परंतु सर्वच घोडे सरकारी नव्हते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे, परंतु घोडा जायबंदी झाला तर नुकसान त्याचे. घोडा गेला म्हणजे चाकरी गेली. म्हणून शिलेदार लढाईच्या धामधुमीत घोडा जपतो, अशी तक्रार इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. आमच्या मते यात शिलेदाराच्या शौर्याला दोष देण्याचे कारण नाही. जखमेचा खर्च ज्याच्या माथी असतो तो जखमेला भितो. पागेचा घोडा आणि शिलेदाराचा घोडा, दोघांचे रक्त सारखेच तांबडे. एकाची जखम राज्याची, दुसऱ्याची एकट्या माणसाची. हा भेद पुढे आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१८९० चे साल

आता मुंबईस जाऊ. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. रुळांवरची ती गाडी माणसांनी भरलेली असे आणि दिवसभर थांबत, पुन्हा हिसका देत चाले. उभी असलेली जड गाडी हलवताना छातीच्या पट्ट्यावर जो ताण येतो, तो दर थांब्याला नव्याने येई. १९०५ च्या सुमारास ही सेवा बंद होऊन विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यांत हजाराहून अधिक घोडे होते. त्याशिवाय व्हिक्टोरिया, भाड्याच्या गाड्या आणि बंदरावरचे बैल वेगळेच.

त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेस आळा घालणारी संस्था निघाली. पुढे पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. १८८६ साली त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. आजही ते महाविद्यालय आणि ते रुग्णालय परळला चालू आहेत. गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात हे रुग्णालय वाढले, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. एका बाजूला गिरणीत माणूस सोलवटत होता, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर घोडा.

मग १८९० साल उजाडले. या एका सालात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींचा आपल्या विषयाशी संबंध आहे.

पहिली गोष्ट, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली होती.

दुसरी गोष्ट, त्याच वर्षी सरकारने जनावरांच्या छळाविरुद्धचा अकरावा कायदा केला. जखमी, लंगड्या, आजारी जनावराला कामास जुंपणे हा त्याने गुन्हा ठरवला. असे जनावर बरे होईपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा हुकूम न्यायाधीशाला देता येई आणि खर्च मालकाने भरायचा. घोड्याला सक्तीची रजा मिळाली. परंतु मालक म्हणजे पुष्कळदा एक घोडा आणि एक गाडी एवढाच संसार असलेला माणूस. घोडा रुग्णालयात, रोजची कमाई बंद आणि वर दाणापाण्याचे बिल. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर असा कायदा येतो तो जखम बरी करण्याऐवजी झाकायला शिकतो. वर गोणपाट टाकतो, पोलिसाचा रस्ता चुकवतो. जखम झाकण्याची ही विद्या आम्ही कारखान्यांतही पाहिली आहे. खाडा पडेल म्हणून चिंधी गुंडाळून यंत्रापाशी उभे राहणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गाडीवाल्याचे मन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट बर्लिनमध्ये घडली. १८९० च्या डिसेंबरात एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी असे दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो आणि तो दुसऱ्या जनावराला देता येतो. पुढे हा उतारा मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी घोडा निवडला गेला, कारण त्याचे रक्त पुष्कळ आणि स्वभाव सोशिक. पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांना घोड्याच्या रक्तातील हा द्रव टोचू लागले आणि धनुर्वाताने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. पुढे कितीतरी वर्षे कारखान्यात खिळा रुतलेल्या, पट्ट्यात बोट सापडलेल्या कामगारालाही हेच इंजेक्शन मिळत असे. धनुर्वाताची प्रतिबंधक लस आल्यावर त्याची गरज ओसरली. परंतु सर्पदंशावरचे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तापासूनच होते; मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले आहे. आपल्या तालुक्यात उसाच्या फडात ज्याला पान लागते, त्याचा जीव कोठल्या तरी घोड्याच्या रक्ताने वाचतो. माणसाच्या जखमेची काळजी घोड्याने अशी वाहिली आहे. घोड्याच्या जखमेची काळजी माणसाने किती वाहिली, हा हिशेब मात्र अजून उघडा आहे.

उजेडाचे औषध

जखमेच्या औषधांत पहिली मोठी क्रांती केली ती इंग्लिश शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टरने. १८६७ साली त्याने कार्बॉलिक आम्लाने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तबेल्यांतही तो वास पसरला. जंतू मारणे ही त्या काळची दृष्टी होती. उजेडाची दृष्टी निराळी आहे : मारण्याऐवजी जिवंत पेशीला हात देणे.

उजेडाने रोग बरा होतो हे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने दाखवले. कातडीच्या क्षयावर त्याने प्रखर दिव्याचे किरण वापरले आणि १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तो उजेड साधा, म्हणजे अनेक रंगांचा आणि सर्व दिशांना पांगणारा होता. एकाच रंगाचा, एका तालात चालणारा, न पांगणारा उजेड कसा निर्माण होऊ शकेल याचे बीज आइन्स्टाइनच्या १९१७ सालच्या विचारात आहे. प्रत्यक्ष यंत्र उभे राहिले ते १९६० साली, अमेरिकेत. थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. जत्रेतील गर्दी आणि कवायतीत पाऊल मिळवून चालणारी पलटण यांत जो फरक, तोच साध्या उजेडात आणि लेसरमध्ये.

या किरणाचा जखमेशी संबंध जोडला गेला तो एका फसलेल्या प्रयोगातून. बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर लेसर वापरून पाहिला. अमेरिकेत झालेल्या प्रयोगाप्रमाणे किरणाने गाठी नष्ट होतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचा लेसर कमी ताकदीचा निघाला आणि गाठी गेल्या नाहीत. परंतु उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर जेथे किरण पडला होता तेथे केस लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरल्या. मेस्टर यांनी हे टाकून दिले नाही. पुढे त्यांनी माणसांच्या वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्रणांवर हा मंद किरण वापरला. त्यातून आजची उपचारपद्धती निघाली.

ती चालते कशी? शरीराच्या बहुतेक पेशींत लहान लहान इंजिनघरे असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्नापासून पेशीला लागणारी शक्ती तेथे तयार होते. त्या इंजिनघरातील एक महत्त्वाचे प्रथिन तांबडा आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषते. जखमी भागात हे इंजिन मंदावलेले असते; प्रकाश मिळाला की त्याची गाठ सुटते आणि पेशी पुन्हा कामास लागते, असे शास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटणे, सूज उतरणे, कडेची कातडी सरकणे या गोष्टींना त्याने हातभार लागतो. येथे एक मौजेचा नियम आहे. प्रकाश फार कमी पडला तर काहीच होत नाही आणि फार जास्त पडला तर भरणे उलट मंदावते. खताच्या मात्रेसारखाच हा प्रकार आहे. शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको.

घोड्यावर हा उपचार करताना जखमेभोवतीचे केस कापतात, कारण काळे केस आणि काळी कातडी प्रकाश वरच्यावर शोषून घेतात. जखम आधी धुऊन स्वच्छ करतात. माणसांनी डोळ्यांना विशिष्ट चष्मा लावायचा आणि घोड्याचे डोळेही झाकायचे, कारण हा किरण डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. घोड्याच्या कातडीवर गाठींचा एक रोग होतो. अशा संशयास्पद गाठीवर हा किरण फिरवू नये असे जाणकार सांगतात. एका वेळेने भागत नाही. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बसावे लागते.

आता खरा प्रश्न : गुण येतो काय? प्रामाणिक उत्तर असे की, कधी येतो, कधी येत नाही. काही प्रयोगांत जखमा लवकर मिटल्या. उलट १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांच्या पायांवरच्या जखमांना मंद लेसर देऊन पाहिला, तेव्हा उपचार केलेल्या आणि न केलेल्या जखमांत सांगण्याजोगा फरक आढळला नाही. किरणाचा रंग, त्याची ताकद, मात्रा, जखमेची जागा हे प्रत्येक प्रयोगात वेगळे. त्यामुळे एका प्रयोगाचा पडताळा दुसऱ्याशी घेणे अवघड. म्हणून जाणते पशुवैद्य याला मुख्य उपचार न म्हणता जोड-उपचार म्हणतात. आधी जखम धुणे, मेलेले मांस काढणे, पट्टी, धनुर्वाताची लस आणि विश्रांती, त्यानंतर दांडी.

दांडी कोणाच्या दारी

औषधाचा इतिहास येथवर आला. आता औषध कोणापर्यंत पोचते ते पाहू. महाराष्ट्रात आज घोडा कोठे आहे? महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यतीच्या मैदानांवर आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या तांबड्या वाटांवर तो माणसे आणि सामान वाहतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तो विकला जातो. लग्नसराईत वरातीपुढे उभा असतो आणि वीटभट्टीवर त्याचा भाऊ खेचर किंवा गाढव राबत असते. आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, इंग्रजी अमदानीत लष्करी घोड्यांचा डेपो होता. आज तेथे रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र आहे. लष्कराचा घोडा लोखंडाचा झाला. गरिबाचा घोडा मात्र मांसाचाच राहिला.

लाखो रुपये किमतीच्या शर्यतीच्या घोड्याचा पाय दुखावला तर त्याच्यासाठी यंत्र आणणे परवडते. वरातीच्या घोड्याची पाठ लागली तर हळद, खोबरेल आणि वर झूल. भरजरी झुलीखाली काय आहे हे वरातीतील पाहुण्यांना कळत नाही. जखमेची खोली पाहून उपचार ठरत नाही. जनावराची किंमत पाहून ठरतो. पागेचा घोडा आणि शिलेदाराचा घोडा हाच भेद नव्या यंत्रासह पुन्हा उभा राहिला आहे.

आपल्या देवळाली प्रवरेत घोडे थोडे, बैल अधिक. परंतु गोष्ट तीच. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग हिरवा केला, ऊस आला आणि उसामागे बैलगाड्यांच्या रांगा आल्या. बैलाच्या खांद्यावर जू लागते आणि खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, त्या खांद्याला हळद आणि तूप लावतो. जखम नेमकी कोठे होते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी सणच त्या जागेवर ठेवला. पण खांदा सुजतो तो ऐन गळिताच्या हंगामात आणि तेव्हा ऊसतोड करणाऱ्या गाडीवाल्याला थांबता येत नाही. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बैल बसला तर गाडी बसली आणि गाडी बसली तर उचल फिटत नाही. शिलेदाराची नालबंदी आणि गाडीवाल्याची उचल, दोन्ही आगाऊ पैसे. आणि दोन्हीकडे जखमेचा भार ज्याने पैसे घेतले त्याच्यावर.

कायद्याने काय केले? स्वराज्यात १९६० साली नवा कायदा झाला आणि १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. ते वाचून आम्हांला आश्चर्य वाटले. जनावराला दिवसातून नऊ तासांहून अधिक राबवू नये; विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये; उष्णता ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन काम देऊ नये. तट्टावर ७० किलोहून आणि गाढवावर ५० किलोहून अधिक ओझे लादू नये. खोगिराची कमान आणि पाठीचा उंचवटा यांत पुरेशी फट असल्याखेरीज खोगीर चढवू नये. आता १९४८ चा कारखाने कायदा आठवा. प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती, हीच मर्यादा त्यात घातली होती. नऊ आणि पाच हे आकडे माणसासाठी आणि जनावरासाठी एकच आले. ते पाहून कोणा कामगाराला अपमान वाटेल. आम्हांला तो वाटला नाही. कातडी आणि स्नायू यांची सहनशक्ती मोजली की उत्तर जवळपासच येते.

फरक पुढे आहे. कामगाराच्या घड्याळामागे त्याची संघटना उभी होती. त्याच १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला दवाखाना मिळाला आणि कामावर नसलेल्या दिवसांचे काही पैसेही मिळू लागले. जनावराच्या नियमामागे मात्र फक्त दंड उभा आहे. घोडा बसून राहिला तर त्या दिवसाचे पैसे त्याच्या मालकाला कोणी देत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियांचे उदाहरण घ्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवल्या, वर्षाच्या आत बंद करण्यास सांगितले आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचाही आदेश सरकारला दिला. घोड्यांची सुटका आणि माणसांचे पोट हे दोन्ही प्रश्न न्यायालयाने एकाच निकालात घेतले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. भूतदया आणि पोट यांचे भांडण लावले तर दोन्ही बाजू हरतात, हे शतकभराच्या अनुभवाने शिकवले आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. लेसरची दांडी अवश्य यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही एक दिवस यावी आणि ती वरातीच्या घोड्यावर, वीटभट्टीच्या गाढवावर, उसाच्या बैलावरही फिरावी. परंतु सकाळी दांडी फिरवायची आणि दुपारी त्याच जखमेवर पुन्हा खोगीर चढवायचे, तर जगातील कोणताही उजेड ती जखम भरू शकणार नाही. शालिहोत्राचे तूप-मध, लिस्टरचे कार्बॉलिक, मेस्टरचा किरण ही सर्व औषधे एकाच गोष्टीच्या आधारावर चालतात, ती म्हणजे जखमेवरचा साज उतरणे. साज उतरवायचा म्हणजे रोजगार बुडवायचा. तो बुडालेला रोजगार कोणी सोसायचा, हा घोड्याच्या जखमेच्या इतिहासातील न सुटलेला प्रश्न आहे.

छावणीच्या दिवसांत तो भार राज्याने सोसला. १८९० च्या कायद्याने तो एकट्या गाडीवाल्यावर टाकला. आपल्या जिल्ह्याला तिसरी वाट ठाऊक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी भाग जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. जे एकट्याला झेपत नाही ते सर्वांनी थोडे थोडे उचलायचे, ही त्या वाटेची शिकवण. ज्यांची जनावरे रोजावर राबतात त्यांनी दर हंगामात थोडी थोडी रक्कम टाकावी, ऊस ज्याचा आणि साखर ज्याची त्यानेही आपला वाटा द्यावा आणि पशुवैद्याच्या चिठ्ठीवर जनावराच्या रजेच्या दिवसांचे पैसे मालकाला मिळावेत. जखम झाकण्याचे कारण राहिले नाही की ती दवाखान्यात वेळेवर येईल. आणि वेळेवर आलेली जखम निम्मी बरी झालेली असते, हे कोणताही पशुवैद्य सांगेल.

असा निधी उभारायला मोठ्या यंत्राची गरज नाही. एक वही, एक खजिनदार आणि एकमेकांवरचा विश्वास एवढ्यावर कामगारांच्या कितीतरी संस्था सुरू झाल्या. येत्या पोळ्याच्या खांदेमळणीला हळदीच्या वाटीशेजारी ती वही ठेवता आली, तर या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.